बेबी नंदाची सॅलरी स्लिप

तुमचा पहिला जॉब कितव्या वर्षी? बावीस? तेवीस? कॅम्पसमधूनच उचललं असेल तर एकवीस. नंदाचा आठव्या. इंटरव्ह्यू नाही, ऑफर लेटर नाही आणि नोटीस पीरियड तर नाहीच नाही.

(कोण नंदा, असं विचारणार असाल तर आधी आईला फोन लावा. तिच्याकडून शशी कपूरसकट सगळा बायोडेटा मिळेल. मग पुढे वाचा.)

जन्म 8 जानेवारी 1939. वडील विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे आपले मास्टर विनायक. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मीनाक्षी शिरोडकरांच्या स्विमिंग कॉश्च्यूममुळे गाजलेला 1938 चा ‘ब्रह्मचारी’ यांचाच. नट, दिग्दर्शक, कंपनीचे मालक, सगळं एकटेच. 19 ऑगस्ट 1947 ला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झालेले असताना, ते गेले. वय 41. मागे भावंडांनी भरलेलं घर. लेकीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं ते त्यांनीच. ते असताना तो कौतुकाचा मामला होता. ते गेले आणि त्याच कौतुकाची नोकरी झाली.

या गोष्टीत एक विचित्र योगायोग आहे. पाच वर्षं मागे जा. एप्रिल 1942 मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा त्यांची थोरली मुलगी बारा वर्षांची होती. त्या घराला हात देणारा माणूस कोण? मास्टर विनायक! त्यांनी लताला सिनेमात कामं दिली. ‘पहिली मंगळागौर’, ‘गजाभाऊ’, ‘बडी माँ’... लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं की तोंडाला रंग लावणं त्यांना कधीच आवडलं नाही. पण घर चालवायचं होतं. विनायकरावांनी ज्या पोरीला काम देऊन तिचं घर सावरलं, तिचीच वेळ पाच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या पोरीवर आली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1948 मध्ये, त्यांचा ‘मंदिर’ पडद्यावर आला. त्यात लता आहे आणि ‘बेबी नंदा’सुद्धा. एकाच सिनेमात दोन कमावत्या मुली. मला तरी हे वाचल्यापासून या सिनेमाकडे फक्त सिनेमा म्हणून बघता येत नाही.

हा कॉलम मी करडीहून लिहितेय. मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा, माझं आजोळ. चहूकडे धान. नेटवर्क गच्चीवर गेलं तरच मिळतं. परवा दुपारी टीव्हीवर ‘जब जब फूल खिले’ लागला होता. मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, “हे पोरगी त लहानपणापासूनच घर चालवे न वं.” मी म्हटलं, केवढं वाईट ना मामी! मामीने मान वर केली नाही. ती स्वतः दहाव्या वर्षी रोवणीला गेलेली, चिखलात पोटरीभर उभी राहून. तिला यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हेच कळेना. शहरातून आलेल्या माझ्यासारखीला लहान मूल काम करतंय हे ऐकून धक्का बसतो. मामीला वाटतं, तिचे पैसे निदान घरी तरी आले.

आता पैशांचं आलंच आहे तर बोलूया. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ (1921) पाहिलाय? त्यातलं ते टोपीवालं पोरगं, जॅकी कूगन. लहानपणी छप्पर फाडके कमावलं आणि मोठा होऊन बघतो तर खात्यात शिल्लक काहीच नाही! 1938 मध्ये त्याने आई आणि सावत्र बापावर केस केली. त्यातून कॅलिफोर्नियात कायदा झाला, की बालकलाकाराच्या कमाईतला हिस्सा त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. कायद्याचं वर्ष 1939. नंदाच्या जन्माचं वर्षही तेच. आपल्याकडे? बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांच्या वर नाही. आणि किमान 20 टक्के कमाई राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. नंदा 25 मार्च 2014 ला गेली. नियम तीन वर्षांनी आले.

म्हणजे बेबी नंदाला ना पाच तासांचं बंधन, ना 20 टक्के. जे मिळालं ते घरात. तुमच्यापैकी किती जण पगार झाला की सर्वात आधी घरी पैसे ट्रान्सफर करता? त्यांना हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की तुम्ही निदान डिग्री घेऊन मग सुरुवात केलीत.

आणि तिचं पुढचं करिअर याच हिशोबाने बघा, फंडा एकदम क्लिअर होतो. बाल भूमिका संपल्या आणि दिनकर द. पाटलांच्या ‘कुलदैवत’ (1955) मध्ये ती मोठी झाली. मग व्ही. शांताराम. विनायकरावांचे मावसभाऊ, म्हणजे नात्याने नंदाचे काका. त्यांच्या राजकमलच्या ‘तूफान और दिया’ (1956) मध्ये ती धाकट्या भावाला सांभाळणारी बहीण झाली. घरी जे करत होती तेच आता पडद्यावर. पब्लिकला ते इतकं आवडलं की पुढे तिला दुसरं काही मिळेना. 1959 चा ‘छोटी बहन’ घ्या. त्यात ती आंधळी झालेली बहीण आहे. रक्षाबंधनाला लाऊडस्पीकरवर हमखास वाजणारं ते गाणं याच सिनेमातलं. आवाज लताबाईंचा! 1960 च्या ‘आँचल’साठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. सहाय्यक. बक्षीस देताना पण इंडस्ट्रीने तिची जागा दाखवूनच दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसमध्ये असतं ना, एकदा तुम्ही ‘एक्सेलवाली’ म्हणून फेमस झालात की प्रेझेंटेशन कोणी देत नाही. तसंच. घर चालवणारी मुलगी अशा वेळी आलेलं काम नाकारत नाही. पण नंदाने एक वेगळी गंमत केली, आणि मला ती यासाठीच आवडते. तिचं नाव झालेलं होतं तेव्हा शशी कपूर अगदी नवखा होता. मोठ्या नायिका नव्या मुलासोबत काम करायला का कू करायच्या. नंदाने त्याच्यासोबत एक नाही, दोन नाही, आठ सिनेमे केले. ‘चार दीवारी’ (1961) पासून सुरुवात. चार वर्षं म्हणावं तसं काही घडत नव्हतं. मग 1965 चा ‘जब जब फूल खिले’! काश्मीरचा शिकारावाला आणि शहरातली श्रीमंत, फॅशनेबल रीटा. सोशिक बहीण एका शुक्रवारात गायब. तो स्टार झाला आणि ती ‘बहीण’ या शिक्क्यातून सुटली. शशी कपूरने हे उपकार कधी लपवले नाहीत.

1969 ला पुन्हा तेच. ‘इत्तफाक’, दिग्दर्शक यश चोप्रा. समोर राजेश खन्ना, सुपरस्टार होण्याच्या अगदी उंबरठ्यावर. सिनेमात एकही गाणं नाही. त्या काळात! आणि नंदाची भूमिका अशी की ‘छोटी बहन’चे चाहते थिएटरमधून गोंधळून बाहेर पडले असतील.

सत्तरनंतर काम कमी होत गेलं. ‘शोर’ (1972) मध्ये ती अगदी थोडा वेळ आहे. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या गाण्यामुळे लोकांना वाटतं की अख्खा सिनेमाच तिचा आहे. मग मोठा ब्रेक. परत आली ती आईच्या भूमिकांत. ‘आहिस्ता आहिस्ता’ (1981), राज कपूरचा ‘प्रेम रोग’ (1982), ‘मजदूर’ (1983). तिन्हींत तिची मुलगी कोण? पद्मिनी कोल्हापुरे. तीही बालकलाकार म्हणूनच आलेली, आणि मंगेशकरांच्या नात्यातली. विनायकराव आणि मंगेशकर यांचा हा धागा असा कुठून कुठे येऊन पोचतो बघा!

लग्न केलं नाही. वयाच्या पन्नाशीनंतर, 1992 मध्ये, मनमोहन देसाईंशी साखरपुडा झाला. 1 मार्च 1994 ला देसाई गच्चीवरून पडून गेले. त्यानंतर ती फारशी कुठे दिसली नाही. वहिदा रहमान आणि मोजक्या मैत्रिणी, बस्स.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. हंसा वाडकरही घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात सिनेमात आल्या. ‘विजयाची लग्ने’, 1936. पण त्यांनी ‘सांगत्ये ऐका’ लिहून सगळं बोलून टाकलं, आणि श्याम बेनेगलांनी त्यावरून स्मिता पाटीलला घेऊन ‘भूमिका’ (1977) केला. नंदाने असं पुस्तक लिहिलंच नाही. आठव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलीला काय वाटत होतं, शाळा सुटल्याचं दुःख होतं की सेटवर मजा यायची, हे तिच्या शब्दांत कुठे सविस्तर सापडत नाही. मग आपण ‘सोज्वळ’, ‘शालीन’ असली विशेषणं चिकटवून मोकळे होतो.

इथे करडीत शेजारच्या घरी एक सहा वर्षांची चिमुरडी आहे. डान्स फर्स्ट क्लास करते. आई मोबाईल धरते, बाबा लाईट धरतात, आणि रील बरी आली नाही तर पुन्हा. काल सातव्यांदा चालू होतं. तिला शाळेच्या गृहपाठाची आठवण मी करून दिली, तर तिनेच मला सांगितलं, “थांब न ताई, लाईट जाईल.” सिनेमाच्या सेटवर पाच तास मोजायला नियम आहे, परवानगीला जिल्हाधिकारी आहेत. अंगणात कोण मोजणार? आणि उद्या यातून पैसे आले तर 20 टक्के कुणाच्या नावे? तिच्या आईला मी मुदत ठेवीचं सांगितलंय. ती हसली. पण “बँकेत इचारतो” असं म्हणाली.

असो. या वीकेंडला ‘इत्तफाक’ बघा. 2017 वाला नव्हे, जुना. लाईट बंद करून, एकटीने किंवा एकट्याने. शेवट मी सांगणार नाही, आणि प्लीज, गूगल करू नका.