‘त्याच्यानंतर’

एका शब्दयोगी अव्ययावर न्यायालयात वाद व्हावा आणि तो एका कादंबरीकर्तीने लढवावा, हा योग साहित्याच्या अभ्यासकांनी सहसा ध्यानात घेतलेला दिसत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे पिता, आणि ‘त्याच्यानंतर’ माता. गीता हरिहरन मुलाच्या नावे रोखे घेऊ गेल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने पित्याची सही मागितली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. पित्याची पूर्ण उदासीनता हीदेखील अनुपस्थितीच मानली. सोबत ऐकलेल्या दुसऱ्या याचिकेतला विभक्त पती तर, आपल्या परवानगीवाचून मुलाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये, असे पत्नीस वारंवार लिहीत होता.

‘कोणताही निर्णय’ म्हटले की औषधोपचारही आलेच, आणि येथे आम्हांस न्यायालयाचे वाचन अपुरे वाटते. पिता उदासीन नाही. परगावी आहे, फोन घेतो, पण रागापोटी मुलाच्या शस्त्रक्रियेस ‘हो’ म्हणत नाही. मग तो उपस्थित की अनुपस्थित? हा अर्थनिर्णय रुग्णालयातल्या कारकुनावर येऊन पडतो, आणि तो बिचारा दोघांच्या सह्या मागून मोकळा होतो. मूल तिष्ठत राहते. वास्तविक भारतीय न्याय संहितेचे कलम २७ (पूर्वीच्या दंडसंहितेचे ८९) बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या उपचारात डॉक्टरला संरक्षण देते, ते पालकाच्या ‘किंवा’ ज्याच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे त्याच्या संमतीवर. हा ‘किंवा’ कोणी वाचत नाही.

ज्या व्यक्तीने रात्री उठून मुलाचा ताप पाहिला तिची सही पुरेशी ठरावी, असे आमचे मत आहे. ‘पालक’ हा शब्द पालनावरूनच आला आहे. मात्र वेगळा राहणारा बाप म्हणजे परका, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या घराण्यातले आजार त्यालाच ठाऊक असतात. त्याला कळवावे, त्याचे ऐकावे. ज्याचा परिणाम जन्मभर राहणार आणि जो काही दिवस थांबू शकतो, अशा उपचारावर दोघांचे एकमत नसेल तर कौटुंबिक न्यायालयाने त्या काही दिवसांतच निकाल द्यावा. पुढली तारीख देऊ नये.

२०१५ साली विधी आयोगाने २५७ व्या अहवालात माता व पिता यांना एकाच वेळी समान पालक मानण्याची शिफारस केली. कलम ६ मधील ‘त्याच्यानंतर’ अद्याप कोणी खोडलेले नाही.