नाव आणि गाव

आमच्या घरचा आकाशकंदील दरवर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी लागतो. यंदा तो चार दिवस आधीच लागला, कारण भाचा घरी आला आहे. भाचा व्यापारी जहाजावर थर्ड इंजिनियर आहे. दुमजली घराएवढी इंजिने तो हाताळतो. आमच्या गॅलरीतल्या होल्डरने मात्र त्याला अर्धा तास घाम फोडला.

"मामा, आमच्या जहाजावर कंदील सप्टेंबरातच लागतो," तो शिडीवरून म्हणाला. "बोसन फिलिपिनो आहे ना! म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्यांचा नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो. बांबूच्या कामट्यांची चांदणी करायची, वर रंगीत कागद लावायचा. त्याला ते पारोल म्हणतात."

पारोल ऐकताच तुरुंगातून चार दिवसांच्या रजेवर सुटलेला कैदी माझ्या डोळ्यांपुढे आला. शब्द दिसला की त्याच्या मागे लागायचे, ही आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची जित्याची खोड. शोधल्यावर कळले की हा स्पॅनिशमधला 'फारोल', म्हणजे कंदीलच. मग आणखी मौजा सापडल्या. तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात आणि चेहऱ्याला 'मुखा'. संस्कृतचे हे पाहुणे शेकडो वर्षांपूर्वीच तिकडे जाऊन पोचलेले. 'दुखा' हाही शब्द आहे. पण त्याचा अर्थ गरीब, दरिद्री. आणि खेड्याला, वस्तीला तिथे म्हणतात 'बारांगाय'. हा शब्द 'बालांगाय' म्हणजे होडी यावरून आला असे मानतात. एका होडीतून आलेली माणसे एका किनाऱ्यावर वसली आणि होडीचीच वस्ती झाली. मी भलताच खूश झालो. आपल्याकडे नाव आणि गाव यांचे नुसते यमक जुळते. या मंडळींनी दोघांचे लग्नच लावून दिले!

हे सारे मी चहाच्या वेळी भाच्याला ऐकवले. तो हसला नाही.

"मामा, बोसनच्या धाकट्या भावाचं गाव खरोखरच होडीवर आहे," तो म्हणाला.

हा भाऊ तैवानमध्ये मासेमारीच्या होडीवर खलाशी आहे. तीन वर्षांचा करार. दलालाचे पैसे पगारातून कापले जातात. उरलेल्या पैशांतून त्याने गावी सिमेंटचे घर बांधले, मुलीला चांगल्या शाळेत घातले. त्या घरात तो आजवर सगळे मिळून महिनाभर राहिला असेल. एरवी समुद्रात होडीवर, आणि बंदरात आला तरी होडीवरच.

"पण तूही जहाजावरच राहतोस की," मी म्हटले.

"मला स्वतंत्र केबिन आहे, मामा. कामाचे तास, विश्रांती, आजारपण, घरी परतायचं तिकीट, हे सगळं 2006 च्या सागरी श्रम करारात लिहिलेलं आहे. त्या करारातून मासेमारीच्या होड्या वगळल्यात. दोघे भाऊ खलाशीच. पण एकाच्या पाठीशी कायदा आहे, दुसऱ्याच्या नाही."

मासेमारांसाठी निराळा करार 2007 साली झाला. तो अमलात यायला 16 नोव्हेंबर 2017 उजाडले, आणि तरीही मोजक्याच देशांनी तो स्वीकारला आहे. त्या रात्री मी शब्दांचा नाद सोडून माणसांविषयी वाचत बसलो.

1 ऑक्टोबर 2019 ची सकाळ. ईशान्य तैवानमधले नानफांगआओ हे मासेमारीचे बंदर. वादळ नुकतेच येऊन गेले होते आणि होड्या सुखरूप नांगरलेल्या होत्या. बंदरावरचा 140 मीटर लांबीचा कमानी पूल अचानक कोसळला, तो खालच्या होड्यांवर. सहा माणसे मेली: तीन फिलिपिनो, तीन इंडोनेशियाची, सगळे परदेशी खलाशी. होडीतच राहायचे आणि होडीतच झोपायचे, हा तिथल्या परदेशी खलाशांचा परिपाठ. समुद्राने ज्यांना सोडले, त्यांना पुलाने गाठले. भिंतीची आणि छपराची खोली असती तर त्यांतले किती जण त्या वेळी तिथे असते, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

तैवान हे एकच उदाहरण नव्हे. हवाईतल्या होनोलुलू बंदरातली गोष्ट 2016 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उजेडात आणली. महागडा ट्यूना मासा पकडणाऱ्या तिथल्या होड्यांवर सुमारे 700 परदेशी खलाशी होते. फिलिपाइन्सचे, इंडोनेशियाचे, व्हिएतनामचे, किरिबातीचे. त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, म्हणून धक्क्यापलीकडे अमेरिकेच्या भूमीवर पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांनी पकडलेला मासा थाटात शहरात जाई आणि माणूस होडीच्या कठड्याला टेकून शहराचे दिवे पाही. आयर्लंडने 2016 मध्ये अशा खलाशांना रीतसर परवाने देण्याची योजना काढली. पण सुरुवातीला परवाना एकाच मालकाशी बांधलेला. मालक सोडला तर देश सोडायची पाळी. पारोल ऐकून मला कैदी आठवला होता, तो अगदीच अवचित नव्हता म्हणायचा.

मग ही माणसे जातात तरी का? सात हजारांवर बेटांच्या देशाला समुद्राचे दुर्भिक्ष नाही. पण लहान होडीवाल्याच्या हाती पडणाऱ्या मासळीवर घर चालत नाही. सरकारी पाहणीतसुद्धा तिथले मासेमार देशातल्या अतिशय गरीब वर्गांत मोडतात. 1974 च्या कामगार कायद्यापासून सरकारनेच परदेशी नोकऱ्यांची वाट आखून दिली. 2021 साली तर स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खाते स्थापण्याचा कायदा झाला. परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांना तिकडे 'बागोंग बायानी' म्हणजे 'नवे वीर' म्हणतात.

"म्हणणारच," चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "आम्हांला नाही का गृहलक्ष्मी म्हणत? मोठं नाव दिलं की बाकी काही द्यावं लागत नाही."

यावर मी काय बोलणार? पण खरा घाव पुढेच होता. भाच्याने सहज विचारले, "मामा, आपल्या रत्नागिरीतसुद्धा नेपाळी खलाशी असतात ना? ते कुठे राहतात?"

मी चकलीत लक्ष घातले. वाचकहो, खोटे कशाला बोलू? गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास रत्नागिरीहून दादाचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला होता. ज्यांच्या मुलखात समुद्रच नाही असे नेपाळी तरुण कोकणातल्या होड्यांवर मोठ्या संख्येने राबतात. मिरकरवाड्याच्या एका होडीमालकाला आपल्या खलाशांसाठी दोन खोल्या भाड्याने हव्या होत्या. आमचे तिथले घर वर्षातले अकरा महिने कुलपात असते. मी म्हणालो होतो, "नको रे दादा. घरात देव आहेत, आणि मासळीचा वास एकदा भिंतींना बसला की जात नाही." हे मी सुरमईच्या दोन तुकड्या संपवून, हात धुऊन म्हणालो होतो, याची आठवण सौभाग्यवतींनी भाच्यासमक्ष करून दिली.

रात्री कंदील लावला आणि दादाला फोन केला.

"दादा, ती माणसं आता कुठे राहतात?"

"कोण माणसं?"

"नेपाळी खलाशी. खोल्या हव्या होत्या ती."

"होडीवर. आणखी कुठे राहणार?" दादा म्हणाला. "खोल्या मिळाल्याच नाहीत त्यांना. का रे?"

घराची किल्ली दादाकडेच असते. भाऊबीज आटोपून रत्नागिरीला येतो, तोवर मालकाला निरोप देऊन ठेव, एवढे मी सांगितले.

दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, पण देवांचं काय?"

"देव तिथेच राहतील," मी म्हटले. "अकरा महिने एकटेच तर असतात."