रक्त न सांडता केलेली हत्या

मांजर मारले तर सोन्याचे मांजर घडवून काशीला वाहावे लागते, हे ऐकतच आपल्यातले बहुतेक जण लहानाचे मोठे झाले. एवढ्या जबर प्रायश्चित्ताच्या धाकाने मांजराचा जीव सुरक्षित झाला असेल, असे कोणालाही वाटेल. पण आपण त्यातून पळवाट काढली. मांजर नकोसे झाले की ते पोत्यात कोंबायचे, पोत्याचे तोंड सुतळीने आवळायचे आणि त्याला परतीची वाट सापडू नये इतक्या लांब, नदीच्या किंवा खाडीच्या पलीकडे, जमल्यास मासळीबाजाराजवळ सोडून यायचे. ‘तिथे खाऊनपिऊन सुखात राहील,’ असे घरी येऊन सांगायचे. हाताला रक्त लागले नाही, म्हणून पापही लागले नाही. पुढे त्या जीवाचे काय झाले हे पाहायला आपल्यापैकी कोणी परत जात नाही, आणि परत जायचे नाही हाच या रिवाजाचा गाभा आहे.

पिल्ले अशी सोडली जातात, तो वेगळा आणि तितकाच लाजिरवाणा विषय आहे. मी आज म्हाताऱ्या मांजरांविषयी लिहितो आहे, कारण त्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक तयार सबब असते: ‘घरात घाण करायला लागलं.’ ही घाण जरा जवळून पाहू. चौदा वर्षे घरात वावरलेली भाटी एके दिवशी वाळूच्या ट्रेकडे न जाता दारातल्या पायपुसण्यावर बसते. पाठीची कमान होते, शेपटीचे मूळ थरथरते, डोळे बारीक होतात. बराच वेळ कुंथल्यावर शेंगदाण्याएवढे दोन कोरडे, कठीण खडे पडतात, आणि मागोमाग ती आंबूस पाणी ओकते. एवढ्यात कोणीतरी येऊन तिचे मानगूट धरतो, तिचे नाक त्या घाणीत घासतो, वर दोन चापट्या देतो. ‘मुद्दाम करते,’ ‘डूख धरते,’ असे आपण म्हणतो. ज्या जनावराने इतकी वर्षे आपली विष्ठा स्वतः वाळूखाली झाकली, ते आज उघड्यावर का बसले, हा प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाही.

उत्तर तिच्या शरीरात आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. पाण्याची गरज मुख्यतः शिकारीतून भागवायची आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचे, अशी त्याच्या देहाची घडण आहे. उंदराच्या शरीरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. आपण भांड्यात ओततो त्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. म्हातारपणी मूत्रपिंडे थकली की पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते, शरीर मग ते आतड्यांतून शोषून घेते आणि मळाचे खडे होतात. त्यावर आपला घरगुती इलाज म्हणजे वाटीभर दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, त्याने जुलाब होतात. त्यात सांध्यांचे दुखणे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात बारा वर्षांहून जास्त वयाच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. ज्या ट्रेची भिंत आपल्याला वीतभर वाटते, ती ओलांडताना त्या जीवाची कंबर कळवळते. आणि एकदा ट्रेमध्ये बसून वेदना झाल्या की ती त्या जागेलाच घाबरते. तिला पायपुसणे मऊ लागते, म्हणून ती तिथे जाते. डूख आपल्या मनात असते, तिच्या नव्हे.

हे अज्ञान क्षम्य ठरवता येईल का? परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. ज्ञान दाराशी येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण तालुक्याच्या ठिकाणी आपण आजही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतो आणि तिथे मांजर घेऊन जाताना शरमतो. बैल नांगर ओढतो, गाय दूध देते, म्हणून त्यांना औषध. मांजराने उंदीर धरले तोवर कणगीजवळ त्याला जागा होती. काम संपले की माया संपते, हे आपण मांजरापुरते शिकलेलो नाही. अंथरूण खराब करणाऱ्या आजोबांची खाट मागच्या पडवीत सरकवणारे हात आपलेच आहेत. शिवाय अज्ञान निरुपद्रवी नसते. घाण पुसायला आपण जे काळे फिनेल वापरतो, त्यातल्या द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. पायाला लागलेले फिनेल ते चाटते. दुखते म्हणून माणसाची पॅरासिटॅमॉल दिली तर एक गोळीही जीव घेऊ शकते. आणि बोका वाळूत वारंवार बसून कुंथतो तेव्हा ‘पोट साफ होत नसेल’ म्हणून आपण एरंडेल शोधतो. त्याची लघवी तुंबलेली असेल तर एक-दोन दिवसांत तो मरू शकतो.

१९६० च्या कायद्याने जनावराला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे गुन्हा ठरवले; पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक तेवढाच. धर्माचा धाक मात्र भलत्या ठिकाणी जागा होतो. मूत्रपिंडे पार निकामी झाली, अन्न पोटात ठरेना, अशा वेळी डॉक्टर वेदनारहित मरणाचे इंजेक्शन सुचवतात, तेव्हा आपण हात जोडतो: ‘पाप कशाला घ्यायचं?’ तेच आपण त्या अर्धमेल्या जीवाला अनोळखी बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या हद्दीत टाकून येतो. डोळ्यांदेखत आलेले शांत मरण पाप, आणि पाठीमागे उपाशी झिजत आलेले मरण निष्पाप, अशी ही आपली नीती.

ती बदलण्यासाठी करायचे ते फार थोडे आहे. आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. मूत्रपिंड, थायरॉइड, साखर यांचा पत्ता तिथेच लागतो. मळ मऊ करण्याचे औषध त्यांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे, माणसाचा एनिमा कधीही देऊ नये. खाणे ओले असावे: मीठमसाला, कांदा-लसूण न घातलेले, काटे काढलेले उकडलेले मासे किंवा कोंबडी पाण्यासकट, आणि जोडीला डॉक्टरांनी सुचवलेला मांजराचा ओला आहार. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. ट्रेची एक बाजू कापून उंबऱ्याइतकी बुटकी करावी, बिनवासाची बारीक वाळू घालावी, आणि मांजर बसते त्या खोलीतच एक ट्रे असावा. दोन दिवस काही खाल्ले नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि एक गोष्ट पुरुषांनी ऐकावी. ही वाळू उपसण्याचे, पायपुसणी धुण्याचे काम जवळपास प्रत्येक घरात एकट्या बाईच्या गळ्यात पडते. ती थकून ‘आता हे मांजर नको’ म्हणते, आणि तिच्या त्या थकव्याचा आधार घेऊन पोते आपण शोधतो. उद्या सकाळचा ट्रे आपण उपसावा.