प्रयोग तळ्यात, सवलत कंपनीच्या खात्यात!



सवलत जाहीर झाली की आपण टाळ्या वाजवतो. ती कोणाच्या पदरात पडली, हे विचारत नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. जमा कोणाच्या खात्यात झाली, हे बघणे हाच आमचा धंदा.

आपल्या हैदराबादेत २००६ पासून राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे मुख्यालय आहे. मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा. बाजारात भाव चांगला, पण बीज तयार करणे जिकिरीचे. पिल्ले एकमेकांना खातात, कोरड्या खाद्यावर सहजी वळत नाहीत. निजामाबादकडचे आमचे एक खातेदार दोन हंगाम टाक्या आणि खाद्य बदलून हाच प्रयोग करत होते. पहिल्या हंगामात बहुतेक पिल्ले मेली. त्यांनी विचारले, "साहेब, संशोधनाला करात सूट असते म्हणे. मग माझं हे काय आहे?"

उत्तर देताना आम्हालाच लाज वाटली.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३५ (२एबी) होते. २०१०-११ पासून संशोधनावर एक लाख खर्च केला की दोन लाखांची वजावट मिळे. १ एप्रिल २०१७ पासून ती दीडपट झाली आणि १ एप्रिल २०२० पासून खर्चाइतकीच उरली. पण मुळात ती होती फक्त कंपन्यांसाठी, आणि तीही दिल्लीच्या खात्याने मान्य केलेली प्रयोगशाळा असेल तरच. एकट्याचा धंदा, भागीदारी, मच्छीमार सहकारी संस्था, सगळे बाहेर! आता खर्चाइतकी वजावट इतरांनाही मागता येते. पण झालेला खर्च नफ्यातून वजा करणे ही सवलत नव्हे, तो साधा हिशेब आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यानेही वाढीव वजावट परत आणलेली नाही.

त्यातही लहान धंदेवाला उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून कर भरतो. त्याला संशोधनाचा खर्च वेगळा दाखवताच येत नाही. आणि ज्याला कर भरण्याइतका नफाच झाला नाही, त्याने वजावट घेऊन करायचे काय?

शिवाय 'उत्पादन' या शब्दाचा घोळ आहेच. १९९९ साली व्यंकटेश्वर हॅचरीज प्रकरणात, वेगळ्या करसवलतींच्या प्रश्नावर, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अंड्यातून पिल्लू काढणे म्हणजे वस्तूचे उत्पादन नव्हे. उद्या हाच निकष मत्स्यबीजाला लावला, तर लढायला वकील कोणाला परवडेल?

भात करमुक्त, बांधापलीकडच्या तळ्यातला रोहू करपात्र. २०१८ च्या अर्थसंकल्पाने मत्स्यशेतीला किसान क्रेडिट कार्ड दिले. म्हणजे कर्ज देताना तो शेतकरी, कर घेताना व्यापारी आणि संशोधनाच्या वेळी कोणीच नाही!

कोणी म्हणेल, लहान लोक खाद्याची बिले संशोधन म्हणून दाखवतील. दाखवतील काही जण. म्हणून आम्ही कर्ज देणे बंद करतो का? जागेवर जाऊन पाहणी करतो. तशी पाहणी मत्स्य अधिकाऱ्याला आणि कृषी विज्ञान केंद्राला करता येईल.

नॉर्वेच्या मदतीने भुवनेश्वरच्या संस्थेने लवकर वाढणारा 'जयंती' रोहू तयार केला. त्याच नॉर्वेत २००३ पासून संशोधनखर्चावर लहान-मोठ्या सर्व धंद्यांना करसवलत आहे. कर कमी पडला तर उरलेली रक्कम रोख मिळते. मासा त्यांच्या मदतीने घडवला, मग ही रीत घ्यायला काय हरकत आहे?

आमच्या मागण्या तीन. सवलत सर्व प्रकारच्या धंद्यांना आणि सहकारी संस्थांना मिळावी. मत्स्यबीज हे उत्पादन आहे, असे कायद्यात स्पष्ट लिहावे. कर नसेल त्याला तेवढी रक्कम रोख किंवा व्याजात द्यावी.

आणि थोडे आपल्याविषयी. पाट्यांवर आपण तासन् तास भाषणे करतो, करावर कधी बोललो? तळी करणाऱ्या बांधवांनो, आजपासून प्रयोगाची वेगळी वही घाला: तारीख, बीज, खाद्य, मर, खर्च. हिशेब नीट लिहायला आम्ही रविवारी बसू. अर्थसंकल्पाआधी खासदारांकडे जायचे आहे, ते या वह्या घेऊनच. नुसत्या घोषणा फाइलला लागत नाहीत.