दुर्मिळ म्हणजे काय हो?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. जुन्या लष्करी टोप्यांवरचे बिल्ले जमवणाऱ्यांशी, आणि ते विकायला काढणाऱ्या आपल्याच घरच्या माणसांशीही.

छंद वाईट आहे असं मी म्हणत नाही. भंगारवाल्याच्या तराजूत गेलेले कितीतरी बिल्ले या छांदिष्ट लोकांनीच वाचवले, हे मान्य. माझा राग आहे तो 'दुर्मिळ' या शब्दावर. मध्यंतरी नात्यातल्या एका मुलाचा फोन आला. "मावशी, पणजोबांच्या टोपीवरचा बिल्ला सापडलाय. दुर्मिळ असेल का गं? किती येतील?" मी विचारलं, "पणजोबा कुठल्या पलटणीत होते? कुठल्या लढाईवर गेले होते?" पलीकडे शांतता. बिल्ल्याचं वजन मात्र त्याने करून ठेवलं होतं!

बिल्ला दुर्मिळ कशाने होतो, ते बघा. १९२२ साली हिंदी सैन्याची फेररचना झाली. ११० वी मराठा पलटण ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. जुना आकडा गेला, म्हणून त्या आकड्याचा बिल्ला आज दुर्मिळ. १९५० साली आपण प्रजासत्ताक झालो, मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, म्हणून मुकुटवाल्याला भाव. म्हणजे हा दुर्मिळपणा कचेरीतल्या हुकमाने जन्माला आला. त्यात पराक्रमाचा संबंध कुठे?

आता दुसरी बाजू. याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत सोबतचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण महायुद्धात बटालियन वाढल्या, तसे बिल्लेही ढिगांनी निघाले. त्यामुळे त्या काळचा बिल्ला संग्राहकाच्या भाषेत 'कॉमन'. हे गणित मला तरी कधी सुटायचं नाही.

आणि पहिल्या महायुद्धात अनेक पलटणींत साध्या शिपायाच्या फेट्यावर बिल्ला नसेच. त्याची ओळख म्हणजे खांद्यावरची पितळी अक्षरं. सुबक बिल्ले मिरवायचे गोरे साहेब. तेव्हा साहेबाचा बिल्ला काचेच्या कपाटात, आणि शिपायाची अक्षरं डबाभर पितळेत!

यातून नकलांचं पीक आलं नसतं तरच नवल. जुन्या साच्यांतून नवे बिल्ले काढतात, नाहीतर अस्सल बिल्ल्याचा ठसा घेऊन ओतीव माल करतात. जाणकार बिल्ला उलटा करून मागच्या कड्या आणि पट्टी तपासतात, कडा झिजल्यात का बघतात. तपासावंच. पण पाठीवरून पितळेचं वय कळेल, घालणाऱ्याचं नाव कसं कळणार? (आणि घरच्या मंडळींनो, चिंच लावून घासू नका. लखलखीत होतो, पण नक्षी जाते.)

काही जण म्हणतात, "ती इंग्रजांची चाकरी, गुलामगिरीची खूण. फेकून द्या." त्यांना मी महार पलटणीचा इतिहास वाचायला सांगते. लढाऊ जातींचं खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवृत्त सैनिकांनी अर्ज केले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला, तीही बेळगावात. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभ जाऊन कट्यार आली. जो बिल्ला मिळवायला इतकी वर्षं झगडावं लागलं, त्याला गुलामगिरीची खूण म्हणून मोकळं होता येत नाही. त्याला 'स्तंभवाला, चांगल्या स्थितीतला' एवढंच म्हणून विकणं तर त्याहून वाईट.

बसऱ्याच्या युद्धस्मारकाचं उदाहरण घ्या. मेसोपोटेमियात पडलेल्यांचं ते स्मारक. अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपाई मात्र पलटणीखाली नुसत्या आकड्यात. कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं, आणि कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी परतलेच नाहीत. आपल्याकडे गावोगाव दगडी पाट्या आहेत : या गावातून इतके लढाईवर गेले, इतके कामी आले. तिथेही नुसता आकडा. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने या भेदभावाचा अहवाल काढून माफी मागितली. साहेबाने शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल केली. आणि आपण काय करतोय? ज्या घराला नाव ठाऊक आहे, तेच घर नाव न सांगता बिल्ला देऊन टाकतंय, आणि घेणाराही विचारत नाही.

विकायचा तर विका. गरज कोणाला नसते? पण आधी एका कागदावर लिहा : कोणाचा, गाव, तालुका, पलटण, कुठे लढला, परत आला की नाही, आणि हे कोणी सांगितलं. कागदाची एक प्रत घरात ठेवा, दुसरी बिल्ल्याबरोबर द्या. संग्राहकांनो, तुम्ही कागद मागितल्याशिवाय पैसे काढू नका. घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर याच रविवारी त्यांच्याजवळ बसा. बिल्ला काय, पुढच्या वर्षीही डब्यात असेल.