आरएक्स विका, पण कांद्यासारखी उघड्यावर

या आठवड्यात लोणंदमध्ये आणखी एक आरएक्स १०० मोटरसायकल ‘ओपन टीटी’वर, म्हणजे नाव न बदलता कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन, विकायला निघाली आणि माझं डोकं फिरलं.  हे लिहितो, कारण गाडी जीव लावून ठेवलेली आहे आणि विकणारा पोरगा सरळ आहे.

आरएक्सचं वेड मला समजतं. १९८५च्या अखेरीस आलेल्या पहिल्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आले आणि इथे जुळवले गेले. म्हणून गिऱ्हाईक आजही वाकून इंजिनावर जपानचा शिक्का शोधतं. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं, तरी चांगल्या गाडीला आज नव्या मोटरसायकलीइतके पैसे मिळतात.

या गाडीचं काम मी जवळून पाहिलं. पोरानं प्लग काढून दाखवला, टोक छान चॉकलेटी; म्हणजे इंधन नीट जळतंय. पण आरसीवर ९८ सीसी आणि वर बसवलंय आरएक्स १३५चं सिलिंडर, १३२ सीसीचं. कारखान्याचा सायलेन्सर माळ्यावर आणि खाली एक्स्पान्शन चेंबर. ऑइल पंपाच्या जागी नुसती पट्टी. पंप काढणाऱ्या मेकॅनिकवर माझा कधीच विश्वास नव्हता. पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे तेल देतो. पेट्रोलमध्ये हातानं तेल मिसळताना एकदा विसरलं की इंजिन सीझ. पंप काढणारेच कागदही अर्धवट ठेवतात, असं माझं ठाम मत आहे. त्याची आकडेवारी मात्र माझ्याकडे नाही.

आता याच गावच्या बाजार समितीत कांदा कसा विकतात ते बघा. हळव्या (खरीप) कांद्याचा हंगाम असो की गरव्या (रब्बी) कांद्याचा, माल उघडा असतो. व्यापारी कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो. जोड, डेंगळा, ओला, सगळा माल चारचौघांत दिसतो आणि ज्याला जो भाव पटेल तो पुकारतो. मग काटा होतो. शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते: त्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. चार गोण्या आणल्या तरी पट्टी होतेच. तो कांदा पुढे कुणी कुठे नेला, याचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर राहत नाही.

आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा वडिलांची गाडी विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन देतो, रोकड मोजतो, किल्ली देतो. इंजिनात काय बदललंय ते गिऱ्हाइकानं विचारलं तरच सांगतो. गाडी वडिलांच्याच नावावर!

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये बजावलं. त्याआधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्याच न्यायालयापुढे एका मोटारीचं प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच. मागे घेताना तिच्याखाली एक मुलगा गेला. भरपाईची जबाबदारी न्यायालयानं आरसीवर नाव असलेल्यावरच टाकली. गाडी विकून त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

पोराला मी सांगितलंय: माळ्यावरचा सायलेन्सर उतरव आणि चढव. जुनं सिलिंडर असेल तर तेही बसवून घे. चेंबर, १३५चं सिलिंडर वेगळं मांडून ठेव आणि काय काय बदललं होतं ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घे. भाव पाच-दहा हजारांनी पडला तरी चालेल. मग वडिलांना आणि सांगलीच्या गिऱ्हाइकाला घेऊन आरटीओत जा. तो म्हणाला, ‘काका, त्याला रविवारीच गाडी न्यायचीय.’ नेऊ दे की, पण नाव चढल्यानंतरच्या रविवारी.