टपालातील ठेव आणि बालीचे पाणी

या स्तंभात आजवर आपण धान्याच्या साठवणीचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि घरदुरुस्तीचा हिशेब पाहिला. गेल्या महिन्यात एका भगिनीने पत्र पाठवून निराळाच प्रश्न विचारला आहे: ‘मध्यम उत्पन्नाच्या जोडप्याने परदेश पाहावा काय? आणि पाहावयाचा, तर मागाहून पश्चात्ताप होणार नाही, अशा बेताने कसा पाहावा?’ उपदेश करण्यापेक्षा आमच्याच घरचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवते. त्यात शिल्लक आहे, तशी चूकही आहे.

आम्ही उभयता दिल्लीच्या सीमेवर, गाझियाबादेत राहतो. माझे सासरे केंद्र सरकारच्या नोकरीसाठी नागपूरहून दिल्लीस आले आणि सरोजिनीनगरच्या सरकारी घरात त्यांचा संसार झाला. सुटी मिळाली की गाडी धरावयाची ती नागपूरची. त्यामुळे सासूबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही. आमच्या भागात नळाला जे पाणी येते, त्याला सारे ‘गंगाजल’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे. हरिद्वारला गंगेतून निघालेल्या वरच्या गंगा कालव्याचे पाणी शुद्ध करून गाझियाबाद आणि नोएडास पुरविले जाते. सासूबाई म्हणत, ‘काशीची गंगा माझ्या स्वयंपाकघरात येते. आता रामेश्वराचा समुद्र तेवढा राहिला.’ शेवटची सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. गेल्या त्या समुद्र न पाहताच. अस्थी आम्ही गढमुक्तेश्वरला गंगेत सोडल्या.

त्यांच्या आजारपणासाठी हाताशी असावी म्हणून टपाल कचेरीत दरमहा 2,000 रुपयांची पाच वर्षांची आवर्ती ठेव चालू केली होती. औषधपाणी ह्यांच्या निवृत्तिवेतनातून भागले आणि ठेवीला हात लावण्याची वेळ आली नाही. वर्षश्राद्ध झाले, ठेवीची मुदत भरली आणि व्याजासह सुमारे 1,39,000 रुपये हाती आले. त्या रात्री हे एवढेच म्हणाले, ‘आपण कुठे तरी जाऊन येऊ या.’

रामेश्वरचे नाव दोघांच्याही ओठांवर होते. परंतु सासूबाईंवाचून तेथे जाण्याचे धैर्य दोघांनाही होईना. देवळे, धबधबे आणि समुद्र एकाच ठिकाणी असलेल्या बाली बेटाचा विचार अशा रीतीने पुढे आला. नागपूरच्या मोठ्या जाऊबाईंना बेत कळला, तेव्हा त्या दूरध्वनीवर म्हणाल्या, ‘सासूबाईंना काशी-रामेश्वर घडवले नाहीत, आणि आता स्वतः विलायतेला निघालात!’ मी उत्तर दिले नाही, सुचलेही नाही. ते वाक्य मनात घेऊनच मी सामान बांधले.

आता पूर्वतयारी. पारपत्र दहा वर्षांचे मिळते. साध्या 36 पानी पारपत्राचे शुल्क 1,500 रुपये आहे. बालीत पाऊल ठेवताना ते निदान सहा महिने वैध असावे लागते. इंडोनेशियात भारतीयांना तीस दिवसांचा व्हिसा तेथे पोहोचल्यावर मिळतो. त्यास माणशी 5,00,000 रुपिया पडतात. आकडा वाचून छाती दडपू नये. आपल्या एका रुपयाला त्या वेळी सुमारे 185 रुपिया येत होते. म्हणजे ही रक्कम 2,700 रुपयांची झाली. फेब्रुवारी 2024 पासून बाली प्रांत प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून 1,50,000 रुपियांचा निराळा करही घेतो. दोन्ही रकमा घरबसल्या आधीच भरून ठेवता येतात. प्रवासी संस्थेची ठरीव सहल विकत घेतल्यास तिच्या किमतीवर उगमस्थानी कर गोळा होतो. तो पुढे आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो हे खरे. पण निघतेवेळी हातचे पैसे तेवढे कमी होतात. आम्ही विमान व निवास स्वतःच ठरविले आणि प्रवासाचा विमा मात्र आवर्जून उतरविला. पन्नाशी उलटलेल्यांनी या एका बाबतीत काटकसर करू नये.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रो विमानतळापर्यंत जाते, तेव्हा मोटारीचे भाडे वाचले. थेट विमानाने बाली सुमारे आठ तासांवर आहे, आणि तेथील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास चालते. उबुड गावी एका कुटुंबाच्या घरातील खोली आम्हाला मिळाली. सकाळी त्या घरची सून पानाच्या लहानशा द्रोणात फुले आणि तांदळाचे चार दाणे ठेवून तो उंबऱ्यापाशी, चुलीपाशी, विहिरीपाशी मांडी आणि वर उदबत्ती लावून पाणी शिंपडी. या नैवेद्याला ‘चनांग सारी’ म्हणतात. रस्त्यात, दुकानाच्या पायरीवरही तो असतो. म्हणून बालीत खाली पाहून चालावे, चुकूनही त्यावर पाय देऊ नये.

आता आमची चूक. पहिल्याच दिवशी मी पाच ठिकाणांची यादी केली. मोटार घेतलीच आहे, तर भाडे पुरेपूर वसूल करावे, ही गृहिणीची बुद्धी. संध्याकाळी खोलीवर परतलो, तेव्हा पाचांपैकी एकही ठिकाण धड आठवेना. आठवत होत्या त्या रांगा आणि वाहनतळ. दुसऱ्या दिवसाच्या यादीत लेंपुयांगचे देऊळ होते. तेथील दुभंग द्वाराच्या छायाचित्रात पायथ्याशी जे तळे दिसते, ते तळे नव्हेच. छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या खाली आरसा धरून ते उत्पन्न करतो, आणि त्यासाठी लोक तासन् तास तिष्ठतात. हे कळताच ह्यांनी माझी यादी घेतली, सगळी नावे खोडली आणि मागील बाजूस लिहिले: ‘रोज एक पाणी.’ पुढचे सारे दिवस आम्ही त्या तीन शब्दांवर काढले.

पहिले पाणी तांपाकसिरिंगच्या तीर्त एंपुलचे. ‘तीर्त’ हा आपला ‘तीर्थ’ शब्दच. बालीच्या लोकांत पवित्र पाण्याचे स्थान असे आहे, की त्यांच्या धर्मालाच ‘आगम तीर्त’ असे एक नाव आहे. मायादानवाने पाणी विषारी केले, तेव्हा इंद्राने भूमी भेदून हा झरा काढला, अशी कथा तेथे सांगतात. देऊळ इ. स. 962 च्या सुमाराचे आहे. वरच्या टेकडीवर राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांनी बांधविलेला प्रासाद दिसतो. सुकार्णोंच्या मातोश्री बालीच्या. आणि 1950 साली दिल्लीत आपला पहिला प्रजासत्ताक दिन झाला, त्याचे प्रमुख पाहुणे सुकार्णोच होते. कुंडात उतरावयाचे ते कमरेला विशिष्ट वस्त्र गुंडाळून. प्रत्येक धारेखाली मस्तक लववून पुढच्या धारेकडे जावयाचे. आमच्या वाटाड्याने दोन धारांपाशी हाताने थांबविले. ‘या सोडा. या मृतांच्या संस्कारासाठी आहेत.’ आम्ही त्या सोडल्या. परंतु हे त्या दोन धारांकडे वळून पाहत राहिले, ते माझ्या ध्यानात आले.

दुसरे पाणी उत्तरेकडचे. वाटेत ब्रातान सरोवरातील उलुन दानु हे जलदेवीचे मंदिर लागते. त्याच्या एकावर एक अकरा छपरांच्या शिखराला ‘मेरू’ म्हणतात. तेथून घाट उतरून सिंगाराजाच्या अलीकडे गितगित धबधबा आहे. मला जावयाचे होते सेकुंपुलला, कारण तो अधिक मोठा. परंतु तेथे शेकडो पायऱ्या उतराव्या आणि चढाव्या लागतात, आणि ह्यांचे गुडघे साथ देणारे नाहीत. दोघांना पोहोचता येईल तो धबधबा मोठा, असे मी मनाशी ठरविले. गितगितच्या तुषारांत आम्ही तासभर बसलो.

तिसऱ्या दिवशी जातिलुविहची भातशेते पाहिली. डोंगरउतारावरील या खाचरांना पाणी वाटणाऱ्या शेतकरी मंडळाला ‘सुबक’ म्हणतात. या व्यवस्थेला 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वरच्या सरोवरापासून खालच्या बांधापर्यंत पाण्याची पाळी जलमंदिरातून ठरते. हरितक्रांतीच्या काळात, 1970 नंतर, सरकारने शेतकऱ्यांना या पाळीबाहेर वर्षभर भात घेण्यास सांगितले. सगळ्यांची शेते एकदम मोकळी पडेनाशी झाली आणि किडीला बारमाही अन्न मिळाले. जुन्या पाळीत शास्त्र होते, हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. तेथेही बंधाऱ्याचे पाणी पाटकरी पाळीनेच सोडतो.

या शेतांच्या कडेने नवी वसतिगृहे आणि स्नानतलाव उभे राहत आहेत, आणि त्यांचे पाणी जमिनीतूनच उपसले जाते. स्वस्तात हिंडणाऱ्या पाहुण्यानेही हा खर्च आपल्या नावे मांडावा. आम्ही चादरी-पंचे रोज बदलून घेतले नाहीत. नळाचे पाणी तेथे पिण्याजोगे नसते. परंतु बाटल्या विकत न घेता यजमानांच्या मोठ्या जारमधून आमचीच बाटली भरून घेत असू. जेवण ‘वारुंग’ नावाच्या घरगुती खानावळीत. भात, दोन भाज्या, शेंगदाण्याची चटणी आणि सोयाबीन आंबवून केलेले ‘तेंपे’ यांवर शाकाहारी माणसाचे उत्तम भागते. मात्र मासळीचा वास लागलेली चटणी आधी विचारून टाळावी.

शेवटचे पाणी समुद्राचे. सानुरच्या किनाऱ्यावर सूर्योदय पाहावयास गेलो, तो पांढऱ्या वस्त्रांतील एक कुटुंब वाजतगाजत आले. दहनानंतरची रक्षा त्यांनी नारळाच्या करवंटीत घालून, फुलांनी झाकून आणली होती. बालीत ती अखेरीस समुद्राकडेच नेतात. आसपासच्या दोघा-तिघा प्रवाशांनी कॅमेरे वर केले. ह्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि हात जोडून ते बाजूला उभे राहिले. त्या कुटुंबातील एका वृद्धाने ते पाहून किंचित मान लवविली. लाट आली आणि करवंटी आत घेऊन गेली.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, ‘गढमुक्तेश्वरचे पाणी कुठे जाते गं?’

‘समुद्रालाच जाते,’ मी म्हणाले.

आईच्या जाण्यानंतर ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या सकाळी प्रथम पाहिले. जाऊबाईंच्या वाक्याचे उत्तर त्यामुळे मिळाले असे नव्हे. त्यांचे म्हणणे खरेच होते. फक्त ते आता मला सोसता येत होते.

आता आठ दिवसांचा दोघांचा हिशेब, रुपयांत:

विमानभाडे, जाऊन-येऊन: 62,000
व्हिसा: 5,400
बाली प्रांताचा कर: 1,600
विमा: 1,800
निवास, सात रात्री: 13,300
जेवणखाण: 12,000
मोटार चालकासह, चार दिवस: 14,000
इतर वाहने, दिल्लीची मेट्रो धरून: 2,900
प्रवेशशुल्क व देवळात नेसावयाची वस्त्रे: 4,000
भेटवस्तू: 3,000
एकूण: 1,20,000

शिल्लक 19,000. हंगामाप्रमाणे विमानभाडे बदलेल आणि सारा हिशेब वरखाली होईल. तेव्हा आकड्यांपेक्षा रीत घ्यावी. पत्र पाठविणाऱ्या भगिनीला माझे उत्तर असे: कर्ज काढून जाऊ नये, साठवून अवश्य जावे. आणि निघण्यापूर्वी दोघांनी बसून यादीतील निम्मी नावे खोडावीत. पैशांची बचत त्यातूनच होते, आणि पाहिलेले मनात राहते तेही त्यामुळेच.

परतलो, तेव्हा नळ कोरडा होता. दरवर्षी दसऱ्यानंतर साफसफाईसाठी गंगा कालवा हरिद्वारला बंद करतात, हे मी विसरलेच होते. दिवाळीपर्यंत टँकरच्या वेळा सांभाळल्या. मग एका पहाटे तोटीतून आधी हवा, मागून गढूळ आणि मग स्वच्छ धार आली. पहिला तांब्या भरून मी देवापाशी ठेवला.

त्याच दिवशी जाऊबाईंना दूरध्वनी केला. सांगितले, ‘19,000 उरले आहेत. पांबनचा नवा पूल झाला आहे, गाडी थेट रामेश्वरपर्यंत जाते. नळाचे गंगाजल मी घेते. तुम्ही नागपूरहून निघा.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘जरीकाठाचं घेऊ, की सुती? समुद्रात भिजायचं असेल ना.’